कपाच्या तळाशी वाळू

पावसाळ्यात सांगलीत माणसं भेटली की खुशाली नंतर, आधी ‘आयर्विनला फूट किती?’ आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा पूल, पाणी तिथे मोजतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ. नोकरीसाठी अमेरिकेत सेंट लुईसला आले आणि मिसिसिपीसुद्धा फुटांतच मोजतात हे कळलं, तेव्हा अर्धं परकेपण तिथेच गेलं. इथे ३० फुटांना पूर मानतात. ९ जून २०१९ च्या रविवारी पाणी ४६ फुटांवर होतं. त्याहून जास्त पाणी या शहराच्या नोंदीत एकदाच आहे, १ ऑगस्ट १९९३ ला, ४९.५८ फूट.

माती हा माझा कामाचा विषय. पूरभिंतीच्या पाहणीला जास्तीची माणसं हवी होती म्हणून ऑफिसातून आम्ही काही जण गेलो होतो.

सकाळी जाताना आर्चपाशी गाडी थांबवली. ६३० फूट उंचीची ती कमान ज्या काठावर उभी आहे तिथून रुंद पायऱ्या नदीकडे उतरतात. त्या दिवशी खालच्या पायऱ्या आणि काठचा रस्ता दोन्ही पाण्यात होते. लोक पोरांना खांद्यावर घेऊन पूर बघायला आले होते, अगदी आपल्याकडे येतात तसे. पाणी चहाच्या रंगाचं. शहराच्या थोडं वर मिसुरी येऊन मिळते, तिचा गाळ हा. एरवी मका आणि सोयाबीन घेऊन जाणाऱ्या बार्जची, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींची, इथे रांग असते. त्या दिवशी एकही हलत नव्हती.

१७६४ मध्ये फ्रेंच व्यापाऱ्यांनी गाव वसवलं ते चुनखडीच्या उंच काठावर, पूर चढणार नाही अशी जागा बघून. ते मूळ गाव आजही कोरडं राहतं. पुढे शहर वाढलं, उत्तरेला नि दक्षिणेला सखल भागात उतरलं, आणि तिथे भिंत घालावी लागली. सुमारे ११ मैलांची ही पूरभिंत ५२ फुटांपर्यंतचं पाणी अडवायला बांधलेली आहे. रस्ते आणि रेल्वेचे रूळ जिथे भिंतीतून आरपार जातात तिथे मोठाले दरवाजे आहेत, नदी चढू लागली की ते बंद करतात.

४६ आणि ५२. मध्ये सहा फूट शिल्लक, त्यामुळे बघणारे निश्चिंत होते. आम्ही मात्र भिंतीच्या माथ्याकडे बघतच नव्हतो. आमची नजर शहराच्या बाजूच्या गवतावर होती. भिंतीखाली नदीनेच आणून टाकलेली वाळू आहे. बाहेर पाण्याचा दाब आठवडेच्या आठवडे राहिला की पाणी त्या वाळूतून भिंतीखालून वाट काढतं आणि आतल्या बाजूला उमाळ्यासारखं वर येतं. नुसतं पाणी आलं तर फारशी भीती नाही. सोबत वाळू येऊ लागली, तर भिंतीखाली भुयार पडतंय असं समजायचं.

दुपारी उत्तरेकडे एका पंपघराच्या मागे मला तसा उमाळा दिसला. जेवणाच्या ताटाएवढी जागा, मध्ये पाणी मंद उकळी फुटल्यासारखं हलत होतं आणि भोवती वाळूचं छोटं आळं जमलं होतं. माझ्याबरोबरचे सहकारी निवृत्तीला आलेले, १९९३ ला याच भिंतीवर रात्री काढलेले. त्यांनी गाडीतून प्लॅस्टिकचा पारदर्शक कप आणला, भरला आणि बॉनेटवर ठेवून दिला. दोघंही बघत राहिलो. दोन मिनिटांत पाणी निवळलं आणि तळाशी राखाडी वाळूचा नखभर थर बसला. मी चिमटीत घेऊन चोळली. रव्यासारखी.

माझ्या मनात आलं, हे तोंड बुजवायला हवं. तेच करायचं नसतं. एक तोंड बुजवलं की दाब दुसरीकडून फुटतो, तोही न दिसणाऱ्या जागी. आम्ही पोत्यांचं कडं रचलं, विहिरीच्या काठासारखं, आणि आत पाणी साठू दिलं. साठलेल्या पाण्याच्या वजनाने खालचा वेग कमी होतो, पाणी येत राहतं पण वाळू उचलत नाही. किती उंच रचायचं ते कप सांगतो. दर अर्ध्या तासाने एक कप, आणि थर जाड असेल तर आणखी एक थर पोती.

मधल्या वेळात ते बोलत होते. त्र्याण्णवला इथून सेकंदाला १० लाख ८० हजार घनफूट पाणी गेलं. कोयनेचे क्युसेक ऐकत मोठी झालेली मी, तरी त्या आकड्याने गप्प झाले. दक्षिणेला प्रोपेन वायूच्या टाक्या पाण्यावर तरंगू लागल्या होत्या आणि स्फोटाच्या भीतीने हजारो लोकांना घरं सोडावी लागली होती. मग त्यांनी इथल्याच, मिसिसिपीवरच्या ईड्स पुलाचा विषय काढला. तो बांधणारे ईड्स त्याआधी बुडालेल्या बोटींतला माल काढायचे, घंटेसारख्या पेटीत बसून तळाशी जायचे. पुरात नदीचा तळच वाहतो हे त्यांनी स्वतः तिथे उभं राहून पाहिलं होतं. म्हणून पुलाच्या खांबांचा पाया त्यांनी वाळूवर न थांबवता खडकापर्यंत नेला. एवढ्या खोलवर काम करताना दाबाच्या हवेने डझनाहून जास्त मजुरांचा जीव घेतला. १८७४ ला खुला झालेला तो पूल आजही वापरात आहे.

भिंतीच्या आत आहे तरी काय? गोदामं, रेल्वे यार्ड आणि त्यापलीकडे लाल विटांच्या घरांच्या ओळी, त्यातली कितीतरी रिकामी. १९५० मध्ये या शहरात साडेआठ लाख माणसं होती, २०१० च्या जनगणनेत ३ लाख १९ हजार. एवढ्यासाठी एवढा खर्च कशाला, असं इथे कुणी म्हणालं की मला राग येतो. ज्यांना दुसरीकडे जाता आलं ते गेले, उरलेत त्यांच्यासाठीच ती भिंत.

सहाव्या कपाला तळ स्वच्छ राहिला. खात्रीसाठी आणखी दोन भरले. मग कड्याशेजारी खुणेची काठी रोवली आणि रात्रपाळीच्या हाती काम देऊन निघालो.

दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, कृष्णा चढली. सांगलीत वीज गेलेली. शेजाऱ्यांच्या पोराने कशीतरी चार्ज केलेली मोबाईलची बॅटरी, त्यावर अण्णांचा फोन लागला. ते वरच्या मजल्यावर होते.

“अण्णा, फूट किती?”

“सत्तावन्नच्या वर गेलंय म्हणतात.”

“घरात कधी शिरलं?”

“दारातून नाही गं आलं आधी. मी दाराशीच पोती लावून बसलो होतो. मोरीतून वर आलं.”