खोबरेल आणि बंपर

मे महिन्यातल्या दुपारी कोकणातल्या सड्यावर, जांभ्याच्या उघड्या माळावर, उभी असलेली एखादी जुनी गाडी बघा. पत्र्याचा रंग अजून बरा असतो. बंपर, दारांवरच्या पट्ट्या, आरशांची टोपणं, वायपरखालची जाळी एवढंच राख फासल्यासारखं दिसतं. मालकाचा हात मग घरातल्या खोबरेलच्या बाटलीकडे जातो. खोटं कशाला बोला, दहा मिनिटांत बंपर काळाभोर होतो. पण संध्याकाळपर्यंत जांभ्याची लाल धूळ त्यावर अशी बसते की तो विटकरीच व्हायचा बाकी राहतो. बूटपॉलिश पहिल्या सरीला ओघळून पांढऱ्या दारावर उतरतं. डिझेलचा बोळा तर फिरवूच नये, काचेच्या रबरी पट्ट्या त्याने फुगून मऊ पडतात.

खरं तर काळा रंग कुठे गेलेलाच नसतो. हे प्लास्टिक बहुतेक पॉलिप्रोपिलीन जातीचं. त्यात काजळी मिसळलेली असते, म्हणजे ते आतपर्यंत काळं. उन्हातल्या अतिनील किरणांनी फक्त वरचा थर फुटतो, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, त्यांवरून उजेड विखुरतो आणि आपल्याला करडं दिसतं. ओला हात फिरवून बघा. चिरा पाण्याने भरल्या की बंपर क्षणभर नवा होतो. तेलही तेवढंच करतं, फक्त उडायला जास्त वेळ घेतं. आणि हो, मूळ रंग कळायला आधी बंपरची आतली, झाकलेली बाजू बघावी. तिथे ऊन पोचलेलं नसतं. काही बंपर कारखान्यातूनच गडद करडे आलेले असतात, त्यांना काळं करायचा हट्ट कशाला?

निम्मं काम धुण्यात आहे, आणि तिथेच सगळे घाई करतात. दाणेदार प्लास्टिकच्या खाचांत लाल माती, खारं आणि जुन्या पॉलिशची पांढरी भुकटी बसलेली असते. गाडी आंब्याखाली लागत असेल तर मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा गळतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्यावी. मग एक भाग ऑल-पर्पज क्लीनर, दहा भाग पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश, उभा-आडवा दोन्हीकडून. फेस तांबूस निघतो. तो पांढरा निघेपर्यंत पुन्हा पुन्हा. पॉलिशचे हट्टी डाग पोरांच्या पांढऱ्या खोडरबराने निघतात. मग सुकू द्यावं. सांध्यांतलं पाणी लपून बसतं आणि नेमकं लेप लावताना बाहेर येतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन एक हात, आणि रंगाच्या कडेला मास्किंग टेप.

हीट गनने, म्हणजे गरम हवेच्या झोताने, बंपर काळा करायचे व्हिडिओ फार लोभस असतात. करडं प्लास्टिक डोळ्यांदेखत काळं होतं हेही खरं. पण पॉलिप्रोपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि गनची हवा त्याच्या कितीतरी वर जाते. हात एका जागी थांबला की दाणे वितळून तिथे चकचकीत चट्टा उठतो, तो कायमचा. शेजारच्या रंगाला फोड येतात ते वेगळंच.

टिकाऊ उपाय म्हणजे प्लास्टिकसाठीचा सिरॅमिक लेप. लहान गाडीला ३० मिलीची बाटली पुरून उरते. पॅडवर चार थेंब घ्यावेत, एका वेळी वीतभर जागा करावी आणि दोन-तीन मिनिटांत जास्तीचा लेप पुसून टाकावा. किनाऱ्याच्या दमट हवेत तो आणखी लवकर धरतो, पुसायला उशीर झाला की पट्टे उमटतात. काम सावलीत, थंड प्लास्टिकवर करावं आणि पुढे दिवसभर पाणी लागू देऊ नये. म्हणून दिवस नोव्हेंबरातले, नाहीतर मिरगाच्या आधीचे. आपल्याकडे मात्र बंपर आठवतो गणपतीच्या आदल्या दिवशी, बाहेर धो धो पाऊस असताना. नुसतं चमकवणारं सिलिकॉन त्या पावसात वाहूनच जातं. तसाही ओलाकच्च दिसणारा बंपर मला आवडत नाही, तेल चोपडून मुलगी बघायला निघालेला वाटतो.

वायपरचे दांडे याच कामात उरकू नयेत. ते लोखंडाचे. खाऱ्या हवेने गंजलेले असतात, त्यांना पॉलिश पेपर मारून प्रायमर आणि मॅट काळा रंगच लागतो.

जाळीला हात लावलाच आहे तर तिच्याखालीही बघावं. पानं, मोहर, माती साचून पाणी जायची भोकं बुजलेली असतात. मग पावसात पाणी ब्लोअरच्या वाटेने आत उतरतं, डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट भिजतं आणि त्याखाली पत्रा गुपचूप सडत राहतो. तो एकदा गेला की बंपर काळा काय आणि करडा काय.