बारामतीची इटालियन घेऊन आंबोली उतरताना

नवी मोटरसायकल दारात उभी केली तेव्हा काका चष्मा पुसत बाहेर आले. टाकीवरचं नाव त्यांनी एक एक अक्षर लावून वाचलं, दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "कुठली म्हणालास?"

"इटालियन. एप्रिलिया. पण बनते बारामतीत."

"बारामतीत कोण बनवतं?"

"पियाज्जिओ."

"आरं म्हंजी आपे रिक्षावाल्यांचीच की ही!"

यावर बोलायला जागा नव्हती, कारण ते खरं होतं. एप्रिलिया २००४ पासून पियाज्जिओच्या घरात आहे. आमच्या फलटणच्या बाजारात कांदा आणि माणसं वाहणारी आपे ज्या बारामतीच्या कारखान्यातून येते, तिथूनच २०१२ पासून व्हेस्पा येते आणि आता ही आरएस ४५७. आपे म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी, व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग ही कंची माशी?"

ही माशी व्हेनिसजवळच्या नोआलेत आखलेली आहे. दोन सिलिंडर, ४५७ सीसी, ४७.६ पीएस ताकद, आणि पेट्रोलसकट वजन १७५ किलो. किंमत जाहीर झाली ती गोव्यात, २०२३ च्या डिसेंबरात, वागातोरला भरलेल्या बाइक वीक या बाइकवाल्यांच्या मेळ्यात: ४ लाख १० हजार एक्स-शोरूम. तेव्हाच ठरवलं होतं की कधी घेतली तर पहिली लांबची फेरी गोव्याचीच. गेल्या डिसेंबरात ती झाली. हजार किलोमीटरची पहिली सर्व्हिसिंग उरकून, साखळीला तेल देऊन निघालो. फलटण, सातारा, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, म्हापसा. एका बाजूचे चारशेच्या आतबाहेर किलोमीटर.

पहिली चूक निघण्याच्या वेळेची. पहाटे साडेपाचला निघालो, म्हणजे मोठी कामगिरी केल्यासारखं वाटलं. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे गळिताचा हंगाम. आदर्कीच्या बाजूला जाताना अंधारात उसाच्या जोड ट्रॉल्या उभ्या असतात, मागे ना दिवा ना लाल पट्टी, आणि उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलेले. एक तर अशी अचानक पुढ्यात आली की पुढचा ब्रेक खरंच किती चांगला आहे हे कळलं. पुढे ३२० मिलिमीटरची एकच डिस्क आहे, पण पुरते. माझा जीव मात्र वाठार स्टेशनचा चहा घेईपर्यंत जागेवर नव्हता. साखरपट्ट्यातून जाणाऱ्यांनी ऑक्टोबरअखेर ते मार्च उजाडल्यावरच निघावं. एक तास वाचवून काही मिळत नाही.

साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतचा हायवे थोडक्यात संपवतो, कारण तिथे सांगण्यासारखं काही नाही. रुंदीकरणाची कामं चालू होती, दर थोड्या अंतराने वळणरस्ता, खडी आणि धूळ. शिवाय चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे. सहाव्या गिअरमध्ये ऐंशीने चाललेली ही गाडी म्हणजे शाळेच्या बाकावर बसवलेला पैलवान. चालते, कुरकुरत नाही, पण तिचं मन तिथे नसतं आणि आपलंही. आत्ताच सांगून टाकतो: केवळ हायवेवर मुक्काम गाठायचा असेल तर ही गाडी घेऊ नका. तेवढ्या पैशात जास्त आरामाच्या गाड्या आहेत.

हायवेवरच तिचे स्वभाव कळतात. हँडल दोन तुकड्यांचं, खाली. पार टाकीवर झोपवत नाही, तरी शंभर किलोमीटरला मनगटं बोलायला लागतात. मी कराडपर्यंत हातांवर भार टाकून बसलो होतो, ते चुकीचं. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, पोट आवळायचं आणि हात सैल सोडायचे. हे जमलं की दीडशे किलोमीटर सहज होतात. तरी मी आता दर ऐंशी-नव्वदला थांबतोच, तहान असो-नसो. आरशात निम्मा भाग माझ्याच कोपराचा दिसतो. लेन बदलताना कोपर आत घेऊन बघायची सवय लागली आहे, लांबून बघणाऱ्याला मी कोंबडीसारखा पंख हलवतो असं वाटत असावं.

आणि गरमपणा. पाण्याने थंड होणारं इंजिन सगळ्या बाजूंनी झाकलेलं, मग पंखा सुरू झाला की ती हवा कुठे जाणार? मांडीवर. चालत्या गाडीत काही जाणवत नाही, पण कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या चौकातून मिसळीच्या शोधात आत शिरलो आणि पंधरा मिनिटांत पँटला इस्त्री झाली. मिसळ चांगली होती, पण त्यापायी गावात शिरू नका, हायवेलगतच खा. जीन्सऐवजी जाड रायडिंग पँट असेल तर हा मुद्दा निम्मा उरतो. हा दोष नाही, अशा झाकलेल्या गाड्यांची जातच ही. माहीत असलं म्हणजे माणूस सिग्नलला इंजिन बंद करायला शिकतो.

पेट्रोलचं गणित सोपं आहे. टाकी १३ लिटरची, मला लिटरला २५ च्या आसपास पडले. कागदावर सव्वातीनशे किलोमीटर होतात, मी अडीचशेला भरतो. निपाणीला कर्नाटकात शिरल्यावर टाकी भरून घ्यावी, तिथे आपल्यापेक्षा थोडं स्वस्त असतं. गोव्यात त्याहून स्वस्त, त्यामुळे परतीला म्हापशात गळ्यापर्यंत भरायची. काटकसर म्हणून नव्हे, आजरा-आंबोलीच्या मध्ये पंप शोधत मन घाटातून निघू नये म्हणून.

निपाणी सोडून उत्तूरच्या रस्त्याला लागलो आणि गाडीने कूस बदलली. इथवर मी तिला नेत होतो. या इंजिनात क्रँकची रचना २७० अंशांची आहे, म्हणजे दोन सिलिंडरचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत. एक ठोका जवळ, दुसरा लांब, आणि त्या लंगड्या तालामुळे आवाज व्ही-ट्विनसारखा, म्हणजे इंग्रजी व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या मोठ्या इंजिनासारखा भासतो. इंजिनाचे फेरे मिनिटाला तीन हजारांच्या खाली असताना वरच्या गिअरमध्ये ओढायला गेलं तर ती नाराजी दाखवते, गिअर पाडावाच लागतो. पण पाच हजारांपासून पुढे एक गोड ओढ सुरू होते. सर्वाधिक टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, ६७०० ला आहे आणि उसाच्या शेतांतल्या त्या वळणावळणाच्या रस्त्यावर काटा बरोबर तिथेच खेळत राहतो. तिसरा गिअर, फार तर चौथा. वेग पन्नास-साठच, पण अंगभर जाग येते. ऐंशीने हायवेला झोप येते आणि पन्नासने इथे हसू येतं, ही सगळी गंमत त्या गाडीच्या हलकेपणाची. वळणाकडे नुसतं बघितलं की ती तिकडे निघते.

क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलू देणारी सोय, मी घेतला नाही, तो तेव्हा वेगळे पैसे देऊन बसवावा लागत होता. इथे आल्यावर थोडं चुकल्यासारखं वाटलं. ज्यांना घाटच करायचे आहेत त्यांनी घ्यावा.

आजऱ्यात थांबून दोन किलो घनसाळ तांदूळ घेतला. हे वेडेपण होतं. या गाडीला सामान बांधायला हूक नाहीत, मागची सीट म्हणजे पोस्टाच्या पाकिटाएवढी, आणि मी त्यावर पट्ट्यांनी बांधलेल्या बॅगेत तांदूळ कोंबला. बॅग पंधरा-वीस लिटरचीच घ्या, पट्टे सीटखालून फिरवा आणि मोकळं टोक चाकाकडे लोंबत नाही ना हे दर थांब्याला हात लावून बघा. टाकीवर बांधायची टँकबॅग नेऊ नका. वाकलं की ती पोटात रुतते आणि तिथेच तर बसायचं असतं. आणि तांदूळ परतीला घ्या.

आजऱ्याच्या पुढे रस्ता रुंद झाला आहे, आंबोलीपर्यंत कधी पोहोचलो ते कळलं नाही. तिथे माझी दुसरी चूक. समोर दरी, दुपारची चांगली उन्हं, गाडीचा फोटो काढावा म्हणून डांबर सोडून तांबड्या मातीत उभी केली. साइड स्टँडचं टोक लहान, माती भुसभुशीत. फोन खिशातून काढेपर्यंत ती हळूहळू, अगदी सावकाश, म्हातारं माणूस खाटेवर टेकतं तशी डावीकडे टेकली. चहाच्या टपरीवरची दोन पोरं धावत आली आणि आम्ही तिघांनी उभी केली. क्लचच्या लिव्हरचं टोक मोडलं, बाजूच्या प्लास्टिकच्या आवरणावर, फेअरिंगवर, बोटभर ओरखडा. पहिला ओरखडा नक्की पडतो हे माहीत असतं, तरी पोटात खड्डा पडायचा तो पडलाच. टपरीवाल्या मावशींनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "लागला नाय ना तुका? मग जांव दे." पैसे घेतले फक्त चहाचे.

हे इतकं लिहिलं कारण उपाय दोन रुपयांचा आहे. बरणीचं जाड झाकण खिशात ठेवा आणि मातीत, गवतात किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर स्टँडखाली सरकवा. दुसरं, क्लच आणि ब्रेकची एक एक जादा लिव्हर बॅगेत असू द्या. बारामती नकाशावर जवळ दिसली तरी हिचा सुटा भाग तालुक्याच्या गावी हातोहात मिळेल, ही अपेक्षा धरू नका. माझी लिव्हर अर्धी शाबूत होती, दोन बोटांनी काम भागलं. सावंतवाडीत एका गॅरेजवाल्याने मोडलेली कड कानशीने घासून दिली, म्हणजे हातमोजा फाटायचा थांबला.

आंबोलीचा घाट उतरताना घाई करू नका, ती करावीशीही वाटत नाही. डिसेंबरात धबधबे बारीक झालेले, पण कपारींतून पाणी झिरपत असतं आणि सावलीतल्या वळणांवर तो ओला पट्टा दुपारी चारलाही वाळलेला नसतो. मी तेवढ्यापुरता रेन मोड, म्हणजे ओल्या रस्त्यासाठीची सेटिंग, लावला. गाडी थोडी मवाळ होते, हातून चुकून जास्त पिळलेला थ्रॉटल माफ करते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर सोडायची, ब्रेक फक्त वळणाच्या आधी. समोरून येणारी एसटी वळणात आपली बाजू घेणारच, म्हणून बाहेरच्या कडेची हौस ठेवू नये. माकडांना गाडीशी देणंघेणं नाही, पिशवीशी आहे. थांबलात तर बिस्किटाचा पुडा बाहेर काढू नका.

आंबोली ते सावंतवाडी तीसेक किलोमीटर. चारशे किलोमीटरमधले हे तीस आणि निपाणी-आजऱ्याचे चाळीसेक, एवढ्यासाठीच मी ही गाडी घेतली असं त्या संध्याकाळी कोकम सरबत पिताना लक्षात आलं. बाकी सगळं म्हणजे तिथवर पोहोचण्याचं भाडं. म्हणूनच सांगतो, हा पल्ला एका दिवसात मारू नका. मी मारला आणि शेवटी बांदा, पत्रादेवी, म्हापसा अंधारात, पाठ धरलेली, काही न बघता केलं. पुन्हा जाईन तेव्हा पहिला मुक्काम आजऱ्यात किंवा आंबोलीत, म्हणजे घाट सकाळी ताज्या अंगाने मिळेल. परतीला तसंच केलं, सावंतवाडीत राहून सकाळी आठला घाट चढलो. चढताना ती आणखी छान आहे.

मुंबईकरांसाठी एक ओळ: एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, जुन्या रस्त्याने पुणे गाठा. टोलची चिंता नको, राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. गोव्यात शिरताना कागदपत्रं हाताशी ठेवा, डिजिलॉकरमधली चालतात, पण नाक्यावर फोनची बॅटरी उतरलेली असली तर ती चालत नाहीत.

वागातोरला एका संध्याकाळी गाडी घेऊन गेलो. मैदान रिकामं होतं, चार गाई आणि क्रिकेट खेळणारी पोरं. त्यातल्या एकाने विचारलं, "इटलीची?" मी म्हटलं, "बारामतीची." तो हिरमुसला.

परत आलो तर काका ओट्यावरच होते. मोडलेली लिव्हर त्यांनी पहिल्या नजरेत हेरली. काही बोलले नाहीत, वर बोट फिरवलं आणि विचारलं, "तांदूळ आणलास का?" आणला होता, पोतं दमट झालं होतं. नवी लिव्हर मागवून घरात ठेवली आहे, दोन महिने झाले. दोन बोटांची सवय झाली आहे, बसवू कधीतरी.