झुलती लाल तबकडी

आज अमेरिकेतील एका आडबाजूच्या लेव्हल क्रॉसिंगवर अजूनही सेवेत असलेला ‘विगवॅग’ सिग्नल प्रत्यक्ष पाहिला. पॅसिफिक इलेक्ट्रिक रेल्वेचे अभियंते अल्बर्ट हंट यांनी १९०९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात घडवलेली ही रचना, कंदील हलवून वाहनांना थांबवणाऱ्या पहारेकऱ्याच्या हाताची आठवण करून देते. गाडी जवळ येताच दोन विद्युतचुंबक आळीपाळीने लोखंडी पट्टी ओढू लागतात. त्यासरशी मधोमध लाल दिवा असलेली तबकडी लंबकासारखी झुलू लागते आणि तिच्या झोक्यांबरोबर घंटेचे टोल पडत राहतात. (तो नाद खणखणीत आहे, पण कर्कश मुळीच नाही.) इतकी जुनी यंत्रणा निगुतीने चालू ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो. गाडी निघून गेली, तबकडी स्थिरावली, तरी मी बराच वेळ तिथेच उभा होतो.