योकमोकची जत्रा: उणे २८ मध्ये तीन दिवस

स्टॉकहोमहून निघालेल्या रात्रीच्या गाडीतून मुर्येकला उतरलो तेव्हा उणे २८ होतं. योकमोकच्या बसची वेळ बघायला मोबाईल काढला आणि ५४ टक्के बॅटरी दाखवणारा फोन डोळ्यांदेखत मेला. तिकीट त्यातच. ड्रायव्हरबाईंनी माझ्या भुवयांवरचा बर्फ बघितला आणि मानेनंच 'चढा' म्हणून खुणावलं. तेव्हा पहिला सल्ला: तिकिटं कागदावर घ्या आणि फोन अंगालगतच्या खिशात ठेवा.

योकमोक हे उत्तर स्वीडनमधलं, आर्क्टिक वृत्ताच्या जरा वरचं गाव. १६०५ पासून इथे हिवाळी बाजार भरतो. हल्ली फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारपासून शनिवारपर्यंत. आपल्याकडे जत्रेच्या मुळाशी देव असतो, इथे वसुली. डोंगरातले सामी लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, हिवाळ्यात रेनडिअर घेऊन खाली जंगलात उतरत. ते एका जागी सापडले की कर गोळा करणं सोपं, म्हणून राजा नववा कार्ल यानं बाजाराच्या जागा ठरवून दिल्या. पाठोपाठ पाद्री आले, आणि सामींची ढोलकी सैतानाची म्हणून जप्त झाली, जाळली गेली. वाचलेल्यांपैकी काही ढोल गावातल्या आयत्ते संग्रहालयात बघायला मिळतात. आयत्ते म्हणजे कोठार. बाजारात शिरण्याआधी तिथे अर्धा दिवस घालवा. मी उलटं केलं आणि फसलो.

झालं असं, की पहिल्याच दुकानात 'सामी' नक्षीची लाल-निळी टोपी घेतली. आतली चिठ्ठी रात्री वाचली, तर माल कुठल्या तरी कारखान्यातला, हजारो मैलांवरून आलेला. आपल्याकडे कपाच्या छापील चित्राला वारली म्हणतात, त्यातलाच प्रकार. सामी हस्तकलेला 'दुओजी' म्हणतात आणि अस्सल वस्तूला 'सामी दुओजी' अशी गोल खूण असते. ती शोधा, नसेल तर कुणी बनवलं, चामडं कुठलं, असं सरळ विचारा. खऱ्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट तो खुलतो.

दुसऱ्या दिवशी अशाच एका बाईंपाशी तासभर रेंगाळलो. जाडसर दोऱ्यावर कथिलाची केसासारखी बारीक तार (त्यात थोडी चांदी असते) गुंडाळून तयार झालेल्या चार सरांची त्या हातातल्या कड्यासाठी वेणी घालत होत्या. मग ती वेणी रेनडिअरच्या चामड्याच्या पट्टीवर ठेवून टाचायची. प्रत्येक टाका वळणाच्या खाचेत बुडाला पाहिजे, वरून दोरा दिसता कामा नये. गुंडी शिंगाची. कडं महाग होतं, पण तासभर बघितल्यावर घासाघीस करायची लाज वाटली. तुम्हीही करू नका, इथे ती रीत नाही.

त्यांच्या भावाचा कळप आहे. मी भाबडेपणानं विचारलं, "किती रेनडिअर?" बाई हसल्या. "तुमचा बँकेतला शिल्लक आकडा सांगा, मग मी सांगते." हा प्रश्न कुणालाही विचारू नका. सामींसाठी 'लॅप' हा शब्दही टाळा, तो हिणवणारा आहे.

पुढे त्या स्वतःच बोलत राहिल्या. हिवाळ्यात आता मधेच पाऊस पडतो, तो गोठतो, आणि बर्फाखालच्या लायकेनवर काचेसारखा थर बसतो. लायकेन म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंड, रेनडिअरचं हिवाळी अन्न. खुरांनी थर फुटत नाही, मग विकतचा चारा घालावा लागतो. त्याआधी लुले नदीवरच्या धरणांनी कुरणं बुडवलीच होती. सुओर्वाचं धरण तर १९२० च्या आसपासचं. स्वीडनमधले बहुतेक सामी आज कळप पाळत नाहीत. या बाईंची मुलगीही शहरात नोकरी करते, पण सुट्टी काढून गावातल्या सामी शिक्षण केंद्रात चामडं कमवायला शिकते आहे, सालीच्या पाण्यात, जुन्या पद्धतीनं. आजीला येत होतं, आईचं मधेच सुटलं, नातीनं शाळेत जाऊन उचललं. 'लुप्त होत चाललेली कला' वगैरे लिहायचा माझा बेत तिथेच बारगळला.

आता कामाचं. राहायची सोय वर्षभर आधी बघा. गावात हॉटेलं मोजकी, लोक घरातल्या खोल्या भाड्यानं देतात. दुपारी तीननंतर अंधारायला लागतं, म्हणून तळ्यावरच्या रेनडिअर शर्यती आधी उरका. जाड एका कोटापेक्षा लोकरीचे तीन थर बरे, आणि बूट एक नंबर मोठे घ्या, आत दोन मोजे मावले पाहिजेत. शाकाहाऱ्यांनी मेतकूट, भडंग बरोबर ठेवावं, पण चीजचे तुकडे घातलेली कॉफी चुकवू नये. तळाचं चीज दाताखाली कुरकुर वाजतं. पारंपरिक पोशाखातल्या माणसांचे फोटो विचारूनच काढा. ते सजून आलेत ते नातेवाइकांना भेटायला, आपल्यासाठी नव्हे. शिंगाच्या मुठीची सुरी घेतलीत तर ती चेक-इन सामानात टाका. आणि शनिवारी संध्याकाळी अख्खा बाजार एकदमच निघतो, तेव्हा परतीची बस आधीच राखून ठेवा.