झील धरायला माणसं लागतात

लॉकडाऊन संपलं तरी मी जवळजवळ दीड वर्ष चर्चला गेलेच नाही. उपासना बुडवत नव्हते हां, दर रविवारी मोबाईल लावायचे, पण हातात चहा, गॅसवर कुकर, पाळकसाहेबांचा संदेश अर्धा कानात आणि अर्धा शिट्ट्यांत. वाटायचं, प्रार्थना तर होतेय ना, देव काय फक्त बाकावर बसल्यावरच ऐकतो का.

मग एका रविवारी झूमवर टिळकांचं भजन घेतलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणजे आम्हा मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना घरचेच, 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे भजन-कीर्तन आमच्या उपासनेत रुजवलं, आजही 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की त्यांची किती गीतं सापडतात. तर पेटीवाल्या दादांनी ओळ म्हटली, थांबले, आणि पुढे काहीच नाही. सगळे म्यूटवर. मी घरात मोठ्याने गात होते पण त्यांना कुठे ऐकू जाणार, शेवटी त्यांनीच तीच ओळ परत म्हटली. मला फार वाईट वाटलं. भजनाला झील धरायला, म्हणजे ओळ मागून उचलून म्हणायला, माणसं लागतात, आणि मी ते काम सोडून बसले होते.

पुढच्या रविवारी गेले. बाकावरच्या काकूंनी एक शब्द विचारला नाही, नुसत्या सरकल्या आणि पुस्तक अर्धं माझ्याकडे केलं.

त्याच वर्षी आई गेली. तेव्हा मला प्रार्थना जमतच नव्हती, खरंच सांगते, तोंड उघडलं की फक्त रडू यायचं. पण रविवार आला की पाय सवयीने निघायचे आणि येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सुरू झाली की आजूबाजूचे म्हणायचे, मी गप्प उभी असायचे, तरी ती माझीही व्हायची. ती प्रार्थनाच 'आमच्या' म्हणून सुरू होते, 'माझ्या' म्हणून नाही, हे लहानपणापासून पाठ असूनही कधी लक्षात आलं नव्हतं. बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, दहाव्या अध्यायात, एकत्र जमणं सोडू नका असं सांगितलंय आणि काही जणांना तशी सवयच लागलीय असंही तिथेच म्हटलंय, म्हणजे ही अडचण पहिल्या पिढ्यांपासूनची आहे.

कोणी म्हणतं मन लागलं तर जाते, नाहीतर नाही. माझा अनुभव उलटा आहे, आधी मी जाते, मन कधीकधी प्रभुभोजनापर्यंत, म्हणजे भाकर-द्राक्षरस घेईपर्यंत, पोचतं, कधी नाही पोचत. पण त्या दिवशी माझ्या शेजारी कोण गप्प उभं आहे ते मला कुठे माहीत असतं? त्याच्यासाठी तरी माझा आवाज तिथे हवा.

आता काकूंना गीताचे आकडे नीट दिसत नाहीत. फळ्यावरचा नंबर बघून पान मी काढून देते, पहिली ओळ कानात सांगते, पुढचं सगळं त्यांना पाठ आहे.