पाय सरळ करायचा की होता तसा ठेवायचा? गुडघ्याच्या ऑपरेशनचा माझा अनुभव

उजव्या गुडघ्यातली गादी पार संपलीये आणि हाडावर हाड घासतंय हे एक्सरेत दिसून बराच काळ झाला होता. गोळ्या, इंजेक्शनं, व्यायाम, पट्टा सगळं करून झालं, पण रात्री कूस बदलताना जाग यायला लागली तेव्हा मात्र गुडघ्याचा सांधा बदलायच्या ऑपरेशनचं मनावर घेतलं. मग सल्ले सुरू, कुणी म्हणे रोबोटनेच करून घ्या, कुणी म्हणे ती नुसती जाहिरातबाजी, आणि मला आपलं वाटायचं की मशीनचा हात येणार आणि डॉक्टर बाजूला उभे राहून बघणार. तसं काही नसतं. आणि खरं डोकं लावायचं काम तर करवत हातात घ्यायच्या आधीच होतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी उभं करून अख्ख्या पायाचा लांब एक्सरे काढला, खुब्यापासून घोट्यापर्यंत एकाच फोटोत. उभं का, तर झोपल्यावर पायावर वजन नसतं, मग बाक असतो तेवढा दिसत नाही. डॉक्टरांनी खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढून दाखवली, ती गुडघ्याच्या मधून जायला हवी ना, माझी गुडघ्याला आतल्या अंगाने चक्क टाळूनच गेली होती. ९ अंश बाक. त्यानंतर सीटी स्कॅन, त्यात गुडघ्याबरोबर खुबा आणि घोटाही घेतात, त्यावरून हाडाचं थ्रीडी मॉडेल बनतं. सगळ्याच रोबोट सिस्टिमना सीटी लागत नाही हां, काही मशीनमध्ये ऑपरेशन चालू असताना हाडावर पॉइंट टेकवून तिथेच मॉडेल तयार करतात, त्यामुळे तुम्हाला सीटी सांगितला नाही तर घाबरू नका.

मग स्क्रीनवर माझंच हाड बघायला बसलो. कुठल्या साइजचा सांधा बसेल, हाड कुठे किती मिलिमीटर कापायचं, सांध्याची कड हाडाच्या बाहेर येत नाही ना (आली तर आजूबाजूला घासत राहते आणि दुखतं), सगळं माऊसने हलवून दाखवलं. मी विचारलं, डॉक्टर आता पाय एकदम सरळ होईल ना? तर ते म्हणाले, तरुणपणी तुमचे पाय कसे होते? मी म्हटलं बाकदारच होते की, आईचेही तसेच होते. त्यावर ते म्हणाले मग तो सगळा बाक काढायचाच कशाला.

मला आधी हे पटेचना, इतके पैसे घालून वाकडाच पाय घ्यायचा? तेव्हा त्यांनी समजावलं. वर्षानुवर्षं पद्धत अशी की रेघ बरोबर मधून गेली पाहिजे, सगळ्यांना एकच माप. पण २०१२ मध्ये बेल्जियममधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला, त्यात गुडघ्याची काहीच तक्रार नसलेल्या तरुण लोकांचे पाय मोजले तर ३२ टक्के पुरुषांना आणि १७ टक्के बायकांना मुळातच ३ अंश किंवा जास्त बाक निघाला. म्हणजे माझ्या ९ अंशांतला काही बाक झिजेचा आणि काही माझा स्वतःचा. स्वतःचाही काढायचा म्हटलं तर आतल्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारे पट्टे, सैल करावे लागतात आणि मग गुडघा आपला वाटत नाही. उलट बाक जास्त ठेवला तर नव्या सांध्यावर एकाच बाजूने भार येतो. शेवटी २-३ अंश ठेवायचं ठरलं.

मी सरळच विचारलं की रोबोटने दुखणं कमी होणार का. ते म्हणाले कट जास्त अचूक येतात एवढं नक्की, पण तेवढ्यावरून तुम्ही जास्त खूश व्हाल असं मी लिहून देणार नाही. कोरियात १४०० च्या वर पेशंटची दोन गटांत, एकाचं रोबोटने आणि दुसऱ्याचं नेहमीच्या पद्धतीने, तुलना करून १० वर्षांहून जास्त काळ नजर ठेवली, २०२० मध्ये ते छापून आलं, दुखणं, चालणं, सांधा टिकणं यात फरक दिसला नाही. मशीन जुन्या पिढीचं होतं हेही त्यांनीच सांगितलं. हे ऐकून मला उलट त्यांच्यावर जास्त भरवसा वाटला.

तयारीचं काय, शुगरची तीन महिन्यांची सरासरी, दात, लघवी, कातडीवर कुठे जखम नाही ना, रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी बंद करायच्या, हे नेहमीचंच.

ऑपरेशनला कमरेखाली सुन्न केलं होतं आणि झोपेचंही औषध दिलं होतं, त्यामुळे आठवतं ते अर्धवट, ठोकल्याचे आवाज आणि कुणीतरी आकडे वाचतंय. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की मांडीच्या हाडात आणि नडगीत पिना बसवून त्यावर ट्रॅकर लावतात, कॅमेरा ते बघतो, म्हणजे पाय हलला तरी मशीनला हाड कुठे आहे ते कळतं. मग कापायच्या आधी पाय सरळ आणि वाकवून दोन्हीकडून ताण देऊन बघतात, कुठे घट्ट कुठे सैल, आणि त्याप्रमाणे प्लॅन थोडा बदलतात. माझाही बदलला, मिलिमीटरभर. करवत डॉक्टरांच्याच हातात असते, ठरलेल्या हद्दीबाहेर गेली तर मशीन अडवतं. त्या पिनांच्या दोन बारक्या जखमा वेगळ्या असतात, त्या मात्र मला कुणी आधी सांगितल्या नव्हत्या, ड्रेसिंग बघून दचकलेच.

माझ्या दिरांचा खुबा बदलला तेव्हा वेगळंच प्रकरण. त्यांच्या कमरेच्या मणक्यात आधीच स्क्रू घातलेत, त्यामुळे बसताना ओटीपोटाचं हाड जेवढं मागे कलायला हवं तेवढं कलत नाही, आणि खुब्याची वाटी सगळ्यांना बसवतात त्याच कोनात बसवली तर सांधा निखळायची भीती. म्हणून त्यांचे उभं राहून आणि बसून असे दोन्ही एक्सरे काढले. भावोजी वैतागले होते, खुब्यासाठी आलोय आणि हे पाठीचे फोटो काय काढतायत म्हणून!

पुढचं कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नसतं. पहिले आठवडे वाईट जातात, स्पष्टच सांगते. वाकवण्यापेक्षा पाय पूर्ण सरळ करणं जड गेलं, गुडघ्याखाली उशी घेतली की इतकं बरं वाटायचं, पण फिजिओ येऊन ती काढून घ्यायची कारण तसाच वाकलेला राहिला तर नंतर सरळ होत नाही. सूज महिनोन् महिने राहिली, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा आहे तो अजून आहे, आणि जिना उतरताना टक् असा आवाज येतो, धातू आणि प्लास्टिकचा, तो चालतो म्हणाले. आता ११५ अंशांपर्यंत वाकतो, रात्रीची झोप परत आली.

डावा गुडघाही कुरकुरतोय, पण त्याची गादी आतल्या बाजूलाच गेलीये, बाकीचा भाग चांगला आहे. त्यामुळे यावेळी अख्खा न बदलता अर्धाच बदलता येईल का, हे पुढच्या तपासणीला विचारणार आहे, लांब एक्सरे नवीन काढावा लागेल म्हणाले.