रेडिचची जुनी बुलेट वाळवंटासाठी बांधताना

1950 च्या दशकातली, इंग्लंडातल्या रेडिचच्या कारखान्यात बनलेली रॉयल एनफिल्ड बुलेट. 346 सीसी, बोअर 70 मिमी, स्ट्रोक 90 मिमी, मॅग्डिनो (ठिणगीचा मॅग्नेटो आणि दिव्यांचा डायनॅमो एकत्र) आणि अल्बियन कंपनीचा चार गिअरचा बॉक्स. ही गाडी नव्यासारखी करणं हा अर्धा भाग. ती राजस्थानच्या वाळूत दिवसभर चालेल अशी बांधणं हा उरलेला अर्धा, आणि जास्त डोकं त्यातच लागतं. नागपुरात हे काम करताना काय केलं आणि कशासाठी, ते इथे लिहितोय.

या कामासाठी हीच गाडी का, ते आधी. 1948 साली इटलीत सॅन रेमोला झालेल्या सिक्स डेज ट्रायलमध्ये, म्हणजे खडतर वाटांवरच्या सहा दिवसांच्या स्पर्धेत, नव्या बुलेट उतरल्या होत्या आणि ट्रॉफी जिंकणाऱ्या ब्रिटिश संघात त्या होत्या. त्या काळी बहुतेक गाड्यांची मागची बाजू ताठ असायची. बुलेटला मात्र स्विंगआर्म, म्हणजे शॉकअपवर वरखाली होणारा मागचा आर्म होता. 1952 आणि 1957 ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जॉनी ब्रिटन या इंग्रज स्वाराने बुलेटवरच जिंकली. म्हणजे खडबडीत रस्ता या गाडीच्या रक्तात आहे. शिवाय 1955 पासून मद्रासला तीच गाडी बनू लागली, त्यामुळे गॅस्केट, बुश, क्लच प्लेट असं बरंचसं सामान आपल्याकडे आजही मिळतं. ट्रायम्फ किंवा मॅचलेसच्या बाबतीत हे सुख नाही.

पहिला नियम ठरवला तो असा, की फ्रेमवर ग्राइंडर चालणार नाही आणि जे काही लावू ते बोल्टने निघालं पाहिजे. याला कारण आहे. 2021 च्या व्हिंटेज नियमांत 50 वर्षांहून जुन्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसेल तरच. साध्या नोंदणीवरही आरसीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. म्हणून रस्त्यावर गाडी मूळ रूपात. वाळूचं सामान वेगळ्या पेटीत, गाडी पिकअपने किंवा रेल्वे पार्सलने न्यायची आणि तिकडे वाळूच्या तोंडाशी सामान चढवायचं. काढलेला मूळ भाग तेलाच्या कागदात गुंडाळून नाव लिहून ठेवा.

सँडब्लास्टिंगला देण्याआधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबरचा पेन्सिलने ठसा घ्या आणि दोन्हींवर जाड टेपचे तीन-चार थर चिकटवा. वाळूच्या माऱ्यात अंक पुसट झाले तर आरटीओच्या तपासणीत गाडी अडकते.

फ्रेमची चीर डोळ्यांना दिसत नाही. फ्रेम उघडी झाली की हॅण्डलच्या कॉलरजवळचे जोड, मागच्या शॉकअपचे वरचे कान आणि इंजिन प्लेटची भोकं यांना डिझेल लावून तासभर ठेवायचं. मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून वर खडूची पूड भुरभुरायची. चीर असेल तर पाच-दहा मिनिटांत पांढऱ्या पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटते. इंजिन प्लेटची भोकं लांबट झाली असतील तर ती भरून पुन्हा रीमरने मापात आणावी लागतात, कारण बुलेटच्या फ्रेमला खालून नळ्याच नाहीत. खालची बाजू जोडून धरायचं काम इंजिन आणि गिअरबॉक्सच करतात. तिथे सैलपणा राहिला की वाळूतल्या दणक्यांनी बोल्ट तुटतात.

याच रचनेमुळे सम्प गार्ड, म्हणजे इंजिनच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा, बसवणं अवघड होतं. तेलाचे ड्रेन प्लग इंजिनच्या पोटाला, आणि पोट उघडं. नेहमीचा क्लॅम्पचा गार्ड कशाला धरणार? पुढे इंजिन प्लेटच्या खालच्या बोल्टवर आणि मागे डबल स्टँडच्या जागेवर तो टांगला. डबल स्टँड काढून टाकायचाच असतो. 4 मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा, कडा वर वळवलेल्या, इंजिन आणि पत्र्यात साधारण 15 मिमी अंतर. ड्रेन प्लगसमोर भोकं ठेवा, नाहीतर दर ऑइल बदलाला गार्ड उतरवावा लागेल. साइड स्टँडच्या पायाला हातभर नाही, पण तळहाताएवढी पट्टी बोल्टने जोडा. तेवढं नसेल तर गाडी वाळूत आडवी होते.

इंजिनात बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) रोलर नाहीत, तरंगता बुश आहे. त्याला स्वच्छ आणि भरपूर तेल मिळालं तर तो उत्तम टिकतो. बारीक धूळ गेली तर मात्र लवकर संपतो. क्रँक बांधल्यावर दोन्ही टोकांना डायल लावून रनआउट (फिरतानाची डगमग) 0.05 मिमीच्या आत आणून घ्या. लेथवाला ‘चालून जाईल’ म्हणाला तरी डायलची सुई स्वतः पाहा. बोअर करताना पिस्टनसोबत दिलेल्या मोकळीकीची सैल बाजू धरा. सिलिंडर ओतीव लोखंडाचा, वारा गरम, वाळूत वेग कमी आणि इंजिन मात्र जोरात. घट्ट बसवलेला पिस्टन अशा वेळी जाम होतो. ऑइल 20W-50, वाळूत दर 500 किमीला बदलायचं, फेल्ट फिल्टर सोबतच. ब्रीदरची (क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीची) रबरी चोच कडक झाली असेल तर नवी घाला. ती बंद होत नसेल तर क्रँककेसमध्ये दाब साठून प्रत्येक जोडातून तेल पाझरतं, आणि पाझरलेल्या तेलावर वाळू बसली की फिन्सवर जाड लेप चढतो.

आता हवेचा फिल्टर. या गाडीचं वाळवंटातलं आयुष्य त्यावरच अवलंबून आहे. मूळ फिल्टर शोभेपुरता. दोन थरांचा फोम घ्या, फिल्टर ऑइलमध्ये बुडवून पिळून घ्या आणि टूलबॉक्सच्या आत बसवा. खरी गळती फोममधून होत नाही, फोम आणि कार्बोरेटर यांमधल्या रबरी नळीच्या तोंडाशी होते. ती ओळखायची सोपी रीत आहे. नळीच्या आतल्या बाजूला बोटाने ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि गाडी धुळीतून काढा. नळी उघडून पाहा. ग्रीस जसंच्या तसं असेल तर ठीक. पिवळसर पूड चिकटलेली दिसली तर क्लिप बदला, तोंड नीट बसवा, पुन्हा चाचणी. ही चाचणी कन्हानच्या वाळूत करून उपयोग नाही; नदीची वाळू भरड असते, फिल्टरपर्यंत उडत नाही. उन्हाळ्यात कामठीपलीकडच्या पांदणीतला फुफाटा याला योग्य. कन्हानची वाळू क्लच, गिअरिंग आणि टायरची हवा तपासायला वापरा.

जेटिंगचा, म्हणजे कार्बोरेटरच्या जेटने पेट्रोलचं प्रमाण जुळवण्याचा, मात्र त्रास नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर, जैसलमेर सुमारे 225 मीटरवर. नवा फिल्टर लावून इथे प्लगचा रंग बदामी आला की तिकडे मेन जेटला हात लावायची गरज नाही. अमल कंपनीच्या कार्बोरेटरची स्लाइड झिजलेली असते, आयडलिंग डगमगतं. स्लाइडला स्लीव्ह बसवून घ्या. कार्बोरेटर आणि हेडच्या मध्ये बेकेलाइटची जाड पॅकिंग हवी, नाहीतर गरम हेडमुळे पेट्रोल आतच उकळतं.

मॅग्डिनोची परीक्षा नागपूरचा मे महिना घेतो. जुन्या आर्मेचरच्या वाइंडिंगवरचं लाखेचं आवरण उष्णतेने नरम होतं आणि आतला कंडेन्सर दगा देतो. लक्षण ठरलेलं: थंड गाडी पहिल्या किकला सुरू, वीस-पंचवीस किलोमीटरनंतर बंद, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. कार्बोरेटर खोलत बसू नका. नवं वाइंडिंग आणि नवा कंडेन्सर हाच उपाय. पॉइंटचा गॅप 0.30 मिमी. स्लिप रिंग पेट्रोलच्या फडक्याने पुसायची, ते फडकं पेन्सिलीवर गुंडाळून ब्रशच्या भोकातून आत घालून इंजिन हाताने फिरवायचं. 45 अंशांच्या दुपारी वर्धा रोडवर बुटीबोरीपर्यंत जाऊन, गरम इंजिन बंद करून लगेच किक मारा. उचललं तर मॅग्नेटो पास.

गिअरिंग बदलायचं ते पुढच्या स्प्रॉकेटनेच, कारण मागचं स्प्रॉकेट ब्रेक ड्रमच्याच तुकड्यात ओतलेलं आहे. एक दात कमी करा. 17 चा 16 केला तर सुमारे 6 टक्के फरक पडतो आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच कमी भाजतो. हे स्प्रॉकेट प्रायमरी केसच्या मागे असतं. बाहेरचं झाकण एका नटवर निघतं, पण पुढे क्लच आणि आतली केस दोन्ही उतरवावी लागतात, म्हणून हे काम घरीच उरकून घ्या. चेनला जाड ग्रीस लावू नका. त्यात वाळू मिसळली की चेन आणि दात दोन्ही झिजवणारी पेस्ट तयार होते. रोज पुसून पातळ तेलाचा हात पुरे.

पुढे 21 इंची रिम घेतलं. 90/90-21 टायर हिमालयनमुळे सहज मिळतो. मागे 19 इंची रिमवर 3.50 चा ठोकळेदार टायर. त्याहून रुंद टायर चेनगार्डला घासायला लागतो. वाळूत पुढे 15 आणि मागे 17 पीएसआय हवा ठेवली. इतक्या कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटतो, म्हणून मागे टायर रिमला दाबून धरणारं रिम लॉक हवंच. व्हॉल्व्हचा नट रिमला न आवळता वर टोपीपाशी न्या. व्हॉल्व्ह तिरका दिसला की टायर सरकतोय हे लगेच कळतं. नवे स्पोक घालून रिमचा आउट (डगमग) काढल्यावर शंभर किलोमीटरनी पुन्हा आवळा. पान्याने हलकं टिचकवून आवाज ऐका. बद्द वाजणारा स्पोक सैल.

सायलेन्सर उजवीकडून वर उचलला तर पाइप टूलबॉक्सजवळून जातो आणि फिल्टरला गरम हवा मिळते. मध्ये पत्र्याचं कवच, दोहोंत 10 मिमी फट. किकही उजवीकडेच, त्यामुळे घडीचा फुटरेस्ट दुमडल्यावर किकच्या वाटेत येत नाही ना, हे त्याच्या बोल्टच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग पक्कं करण्याआधी पाहा.

रेल्वेने पाठवताना टाकी पूर्ण रिकामी लागते. कार्बोरेटरच्या फ्लोट बाऊलमधलंही पेट्रोल काढा. परत आल्यावर प्रेशर पंपाने हबवर पाणी मारू नका, सीलमधून वाळू बेअरिंगमध्ये जाते. दोन्ही ड्रम उघडून लायनर कोरड्या ब्रशने झाडायचे, ब्रेक कॅमला नवं ग्रीस लावायचं आणि गरम इंजिनातलं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये काढून तळाशी चमकणारे कण दिसतात का ते तपासायचं.